स्ट्रीट फायटर ६: मॅचअपचा अभ्यास कसा करायचा, अगदी पहिल्या पायरीपासून

‘झँगीफ समोर आला की हरलोच समजा’, ‘जेपीशी खेळण्यात काही अर्थ नाही’. कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये रँक्ड (क्रमवारीचे) सामने खेळणाऱ्या नव्या खेळाडूंच्या तोंडी समोरच्या पात्रांबद्दल ही वाक्यं सारखी असतात. पण सिल्व्हर किंवा गोल्डच्या पातळीवरचे असे हरलेले सामने पुन्हा पाहिले, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. समोरच्याच्या दोन-तीन मूव्हना आपल्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यानेही तेवढेच मूव्ह पुन्हा पुन्हा वापरले. मॅचअप (तुमचं पात्र विरुद्ध समोरचं पात्र ही जोडी) खरोखर वाईट असू शकतो, पण तो वाईट आहे असं म्हणण्याचा हक्क ते दोन-तीन मूव्ह हाताळता यायला लागल्यावरच मिळतो.

समोरच्या पात्राची सगळी मूव्हलिस्ट पाठ करायची गरज नाही. गेम आला तेव्हा १८ पात्रं होती आणि त्यानंतर दरवर्षी भर पडत गेली. सगळं पाठ करायला बसलात तर खेळणं राहूनच जाईल. खालच्या पायऱ्या एका वेळी एका पात्रासाठी वापरा.

काय काय हाताशी हवं

- ट्रेनिंग मोड, त्यात फ्रेम मीटर (मूव्हला किती वेळ लागतो ते दाखवणारी पट्टी) आणि इनपुट (दाबलेली बटणं) दाखवणारी पट्टी चालू केलेली
- एकाच पात्राविरुद्ध हरलेल्या सामन्यांचे रिप्ले, निदान पाच
- फ्रेम डेटा, म्हणजे कोणत्या मूव्हला किती वेळ लागतो त्याचे आकडे. कॅपकॉमच्या बकलर्स बूट कॅम्प या संकेतस्थळावर प्रत्येक पात्राचा अधिकृत तक्ता असतो
- वही किंवा फोनमधली नोंद, प्रत्येक पात्राला एक पान

आणि एक अट: स्वतःचं पात्र ठरलेलं असावं. दर आठवड्याला पात्र बदलणाऱ्याला मॅचअपचा अभ्यास लागू पडत नाही, कारण प्रत्येक उत्तर दोन पात्रांच्या जोडीचं असतं.

१. आधी स्वतःच्या पात्राचं कार्ड करा

समोरच्याच्या मूव्हला उत्तर शोधायचं तर आपल्याकडे कोणती उत्तरं आहेत हे आधी माहीत हवं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. ‘ब्लॉकवर −६’ याचा अर्थ, तुम्ही तो मूव्ह ब्लॉक केल्यावर मारणारा तुमच्यापेक्षा ६ फ्रेम उशिरा मोकळा होतो. तेवढ्या वेळात तुमचा ६ फ्रेम किंवा त्याहून जलद मूव्ह त्याच्यापर्यंत पोचला, तर तो नक्की लागतो. यालाच पनिश म्हणायचं.

कार्डावर एवढं लिहा:

- सर्वांत जलद नॉर्मल (नुसत्या बटणाने निघणारा साधा फटका). बहुतेक पात्रांकडे तो ४ फ्रेमचा असतो.
- −४ ला काय मारायचं, −६ ला काय, आणि शोर्युकेन (रियू या पात्राचा वर उसळत मारायचा ठोसा) ब्लॉक झाल्यावर मिळतो तसा भरपूर वेळ मिळाला तर काय. प्रत्येकी एकच कॉम्बो, तोही हातात बसलेला.
- ढकलले जाऊन लांब गेल्यावरही पोचणारा पनिश. हा रकाना नवे खेळाडू हमखास रिकामा ठेवतात आणि ब्लांका, होंडा अशा पात्रांकडून मार खातात.
- दोन अँटी-एअर, म्हणजे उडी मारून येणाऱ्याला पाडणारे फटके: एक समोरून येणाऱ्या उडीसाठी, दुसरा जवळजवळ डोक्यावर येणाऱ्या उडीसाठी.
- अजिंक्य मूव्ह (सुरू होताना ज्याला फटका लागत नाही असा) आणि त्याची किंमत. ओव्हरड्राइव्ह मूव्हला (स्पेशलच्या जोरदार आवृत्तीला) ड्राइव्ह गेज या ऊर्जापट्टीचे २ बार जातात.

−३ किंवा त्याहून सुरक्षित मूव्हला ४ फ्रेमच्या जॅबने (हलक्या ठोशाने) पनिश होत नाही. हे वाक्य कार्डाच्या खाली ठळक लिहून ठेवा. ‘मी ब्लॉक केलं, आता माझी पाळी’ असं वाटून दाबलेलं बटण आणि त्यावर बसणारा काउंटर हिट (तुमचा मूव्ह सुरू होतानाच लागलेला फटका), यातच खालच्या पातळीवरचं निम्मं आयुष्य (हेल्थ बार) संपतं.

२. रिप्लेमध्ये रेघा मारा

हरलेला सामना भावनेने पाहू नका, हिशेबाने पाहा. तुमचं आयुष्य ज्या ज्या क्षणी कमी झालं, तिथे थांबा आणि कशामुळे कमी झालं ते लिहा: उडी, थ्रो (पकडून फेकणं), ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटके झेलत मारलेला जोरदार हल्ला), अमुक स्पेशल मूव्ह (दिशा आणि बटण मिळून निघणारा खास मूव्ह), किंवा आपलाच हुकलेला मूव्ह. त्याच कारणाने पुन्हा मार बसला की शेजारी एक रेघ वाढवा. रिप्लेमध्येही फ्रेम मीटर आणि इनपुट दाखवता येतात, तेव्हा आपण उशिरा दाबलं की चुकीचं दाबलं तेही कळतं.

पाच सामने झाले की सर्वाधिक रेघांच्या तीन ओळी घ्या. बाकीच्या सोडून द्या.

इथे एक सापळा आहे. पहिल्या क्रमांकावर ‘उडी’ किंवा ‘थ्रो’ आलं, तर तो मॅचअपचा प्रश्नच नाही. अँटी-एअर बसत नसेल तर तो कोणत्याही पात्राविरुद्ध बसणार नाही. तो सराव आधी करा, मग या लेखाकडे परत या.

आणखी एक, जास्त फसवा सापळा म्हणजे शेवटच्या फटक्याला दोष देणं. लेव्हल ३ सुपरने (सुपर गेजचे तिन्ही बार खर्चून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या हल्ल्याने) सामना संपला म्हणून ‘सुपर फार मारतो’ असं लिहायचं नाही. सुपर ज्या फटक्याला जोडला गेला, तो फटका लिहायचा.

३. एका मूव्हचं उत्तर शोधा

ही पायरी सर्वांत जास्त वेळ खाते आणि सर्वांत जास्त परतफेडही हीच करते. उदाहरणाला ब्लांकाचा रोलिंग अटॅक घेऊ. स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाकडून गोळा होऊन येतो, आदळतो, ब्लॉक केलात तर उसळून लांब जातो. तुमचा जॅब हवेत मारला जातो आणि मनात येतं, याला उत्तरच नाही.

डमी (ट्रेनिंग मोडमधलं समोरचं पात्र) म्हणून ब्लांका निवडा. ट्रेनिंगमध्ये रेकॉर्डिंगचे आठ स्लॉट असतात. पहिल्यात लांबून रोलिंग अटॅक रेकॉर्ड करा आणि फक्त तोच चालवा. ब्लॉक केल्या क्षणी कार्डावरचा प्रत्येक लांब पोचणारा मूव्ह एकेक करून वापरून पाहा. हल्ला लागला आणि पडद्यावर ‘पनिश काउंटर’ आलं तर उत्तर मिळालं. लागला, पण ‘पनिश काउंटर’ आलं नाही, तर डमी मोकळा झाला होता. खरा खेळाडू तोच फटका ब्लॉक करेल. हा फरक न पाहिल्यामुळे लोक खोटी उत्तरं पाठ करून बसतात.

लाइट, मीडियम, हेवी आणि ओव्हरड्राइव्ह या चारही आवृत्त्या वेगवेगळ्या तपासा. एकीला चालणारा पनिश दुसरीला चालेलच असं नाही. अंतरही बदलून पाहा: मूव्ह टोकावर लागला तर त्याचे सक्रिय फ्रेम (ज्यांत तो मार देऊ शकतो ते) उशिरा लागतात आणि मारणारा तक्त्यातल्या आकड्यापेक्षा सुरक्षित होतो.

आता खरा सराव. दुसऱ्या स्लॉटमध्ये ब्लांकाची उडी रेकॉर्ड करा. तिसऱ्यात तो नुसता पुढे-मागे चालतोय, काहीच करत नाही, असं रेकॉर्ड करा. तिन्ही स्लॉट चालू ठेवून उलटसुलट क्रमाने वाजवा. तिसरा स्लॉट वगळू नका. तो नसेल तर काहीतरी येणारच हे तुम्हाला ठाऊक असतं, मग हात बघून चालत नाही, अंदाजाने चालतो. सामन्यात समोरचा बराच वेळ काहीच करत नसतो आणि तिथेच अंदाजाने खेळणारा उघडा पडतो.

फटी कशा ओळखायच्या

काही मूव्ह एकामागून एक येतात. केन या पात्राच्या जिनराई किकनंतरचे पुढचे प्रकार घ्या. मध्ये बटण दाबायला जागा आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. यासाठी जागा बदला: तुम्ही समोरचं पात्र घ्या आणि डमीला तुमचं पात्र द्या. रिव्हर्सल सेटिंगमध्ये, ब्लॉक केल्यावर लगेच अजिंक्य मूव्ह करायला सांगा. मग ती मालिका स्वतः मारा. डमीचा मूव्ह मध्येच बाहेर आला तर तिथे फट आहे. तो शेवटपर्यंत ब्लॉकच करत राहिला तर नाही.

फट सापडली की तीच चाचणी डमीच्या जॅबने करा. फट ३ फ्रेमची असेल तर ४ फ्रेमचा जॅब फार तर दोघांनाही लागतो. त्याहून लहान असेल तर तो मारच खातो. अशा फटीत फक्त अजिंक्य मूव्ह चालतो आणि तो हुकला तर किती महागात पडतो हे तुम्ही जाणताच. म्हणून ‘फट आहे’ एवढंच लिहून थांबू नका, तिथे काय चालतं तेही लिहा.

४. कोणाला कुठलं अंतर हवंय ते ठरवा

मूव्हची उत्तरं मिळाली की पुढचा प्रश्न, उभं कुठे राहायचं. ढोबळमानाने तीन पट्टे धरा: थ्रो लागेल इतकं जवळ, लांब नॉर्मलचं टोक पोचेल इतकं मधलं आणि फक्त फायरबॉल (लांब फेकलेला ऊर्जेचा गोळा) पोचेल इतकं लांब. प्रत्येक पट्ट्यात कोण जास्त कमावतो ते एका शब्दात लिहा. ‘मधलं: मी’, ‘जवळ: तो’. एखाद्या पट्ट्यात उत्तर ‘तो’ असेल, तर तिथून बाहेर कसं पडायचं एवढंच शोधायचं. तिथे जिंकायच्या नादी लागायचं नाही.

५. उदाहरण: रियू विरुद्ध झँगीफ

ग्रॅपलरसमोर, म्हणजे पकडीवर खेळणाऱ्या पात्रासमोर, नवा खेळाडू सर्वांत जास्त गोंधळतो, म्हणून हे जरा सविस्तर.

झँगीफचं आयुष्य ११,०००, रियूचं १०,०००. स्क्रू पाइलड्रायव्हर ही त्याची कमांड थ्रो ५ फ्रेममध्ये पकडते. ती साध्या थ्रोसारखी सोडवता येत नाही आणि ब्लॉकही होत नाही. लाइट आवृत्तीची पोच सर्वांत लांब, हेवीचं नुकसान जास्त. त्याची खोट म्हणजे चाल संथ आणि फायरबॉल नाही.

यावरून बाकी सगळं निघतं. ब्लॉकवर −५ किंवा त्याहून वाईट असा तुमचा कोणताही मूव्ह त्याच्या पकडीच्या टप्प्यात संपला, तर तुम्ही हवेत फिरताय असं समजा. इतर पात्रांविरुद्ध −५ला साधारण जॅबपासूनचा छोटा कॉम्बो खावा लागतो. इथे आयुष्याचा मोठा तुकडा जातो. म्हणून कार्डावरचे असे मूव्ह वेगळ्या रंगाने लिहा आणि ते फक्त टोकाच्या अंतरावरून मारा.

ड्राइव्ह पॅरी (येणारे फटके अडवून गेज मिळवून देणारा बचाव) जवळून करू नका. पॅरी थ्रोला हरते आणि पॅरीत पकडलं गेलं की पनिश काउंटर बसतो. साध्या थ्रोचं १,२०० नुकसान अशा वेळी २,०४० होतं, मग पाइलड्रायव्हरचं काय होत असेल ते सांगायला नको. ड्राइव्ह इम्पॅक्टचंही तेच. त्याचं आर्मर दोन फटके झेलतं, थ्रो झेलत नाही. घाबरून दाबलेला इम्पॅक्ट झँगीफ सरळ पकडून टाकतो.

पकड येणार असं वाटलं तर उत्तरं दोन. पहिलं, जागच्या जागी उडी: पकड हुकते, तो हात पसरून उभा राहतो आणि तुम्ही खाली येताना हेवी हल्ल्यापासून पूर्ण कॉम्बो घेता. दुसरं, मागे सरकणं. पण उडीची सवय त्याच्या लक्षात आली की तो पकडायचं सोडून तुमच्या उडीलाच मारतो. पहिल्या राउंडमध्ये उडी कमी वापरा आणि तो ब्लॉकनंतर लगेच पकडतो की थांबून बघतो, ते हेरा.

लांब राहून हादोकेन (रियूचे फायरबॉल) मारायचे, पण एकाच वेगाने नाही. लाइट हादोकेन हळू जातो, त्याच्यामागून चालत थोडं पुढे जाता येतं. हेवी जलद, तो उडीच्या तयारीत असलेल्याला जमिनीवरच गाठतो. साधी उडी जमीन सोडण्यापासून पाय टेकवून सावरेपर्यंत साधारण ४५ फ्रेमची. हादोकेन कुठून मारला की तो उडी मारून उतरेपर्यंत आपण सावरून शोर्युकेन मारू शकतो, ते अंतर ट्रेनिंगमध्ये शोधा आणि जमिनीवरच्या रेघांवरून लक्षात ठेवा. त्याहून जवळून हादोकेन मारायचा नाही. लॅरिअटने (गोल फिरत मारायच्या फटक्याने) तो फायरबॉल चुकवू शकतो, तेव्हा मध्यम अंतरावर एकामागून एक हादोकेन सोडत बसणंही धोक्याचं.

झँगीफ खाली पडला की अनेकजण घाबरून मागे जातात. ही चूक. उठण्याच्या क्षणी नेमका लागणारा नॉर्मल पाइलड्रायव्हरला हरवतो, कारण त्या पकडीला अजिंक्यता नाही. फक्त पुढे जाण्याआधी त्याचा सुपर गेज बघा. तीन बार भरलेले असतील, तर लेव्हल ३ ची पकड तुमच्या हल्ल्यातून आरपार येते.

कॉर्नर मात्र जिवावर बेततो. पाठीला भिंत लागायच्या आतच आयुष्याचा थोडा तोटा पत्करून बाहेर पडा.

६. उलटा प्रकार: गाइल

इथे लांबचा पट्टा त्याचा. सॉनिक बूम हा फायरबॉल सोडून गाइल पटकन सावरतो, तेव्हा हादोकेनच्या देवाणघेवाणीत साधा रियू हळूहळू मागे पडतो. ओव्हरड्राइव्ह हादोकेन दोन हिटचा, एका बूमला खाऊन पुढे जातो. देनजिन चार्ज (पुढचा हादोकेन बळकट करणारा रियूचा मूव्ह) करून मारलेलाही तसाच. पण मुख्य काम चालण्याचं आहे: पुढे चाला, बूम आला की पॅरी करा, पुन्हा चाला. यशस्वी पॅरीने ड्राइव्ह गेज परत मिळतो, त्यामुळे घाई करण्याचं काही कारण नाही.

गाइल चार्ज पात्र. बूमसाठी त्याला मागची दिशा धरून ठेवावी लागते, सॉमरसॉल्ट किकसाठी (उडीला पाडणाऱ्या लाथेसाठी) खालची. तो पुढे चालत असेल तर दोन्ही गेलं. बूम सोडण्यासाठी पुढची दिशा दाबावी लागते, म्हणून बूमनंतर लगेच सॉमरसॉल्ट येत नाही. उडी मारायची तर या क्षणांत, अंदाजाने नाही. त्याचे अँटी-एअर नॉर्मलही चांगले आहेत, तेव्हा उडी हे मुख्य हत्यार करू नका.

७. गेजचा हिशेब पात्रानुसार बदलतो

ड्राइव्ह गेज ६ बारचा. इम्पॅक्टला १, पॅरीतून ड्राइव्ह रशला (झपाट्याने पुढे धावण्याला) १, नॉर्मल तोडून रश केला तर ३, ड्राइव्ह रिव्हर्सलला (ब्लॉक करतानाच मारलेल्या उलट फटक्याला) २. सगळे संपले की बर्नआउट: पॅरी आणि इम्पॅक्ट बंद, स्पेशल ब्लॉक केले तरी आयुष्य झिजतं, समोरच्याचे मूव्ह ब्लॉकवर त्याला ४ फ्रेम जास्त फायद्याचे होतात आणि कॉर्नरमध्ये इम्पॅक्ट लागला की स्टन.

गाइलविरुद्ध बर्नआउट म्हणजे प्रत्येक बूमला थोडं थोडं मरण. झँगीफविरुद्ध बर्नआउटमध्ये त्याचे बहुतेक नॉर्मल ब्लॉक केले तरी पुढची पाळी त्याचीच. म्हणून नोंदीत एक ओळ अशी हवी: या मॅचअपमध्ये माझे बार कशावर जातात? उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर एक रिप्ले फक्त गेजकडे डोळे लावून बघा.

८. नोंद एका पानात

पानावर सहा-सात ओळी पुरतात: तीन त्रासदायक मूव्ह आणि त्यांची उत्तरं, तीन पट्ट्यांत कोण वरचढ, फटी, गेजची सूचना. सामना लोड होताना वाचून होणार नाही इतकं लिहिलंत तर ते वापरात येत नाही.

सामन्यात एका वेळी एकच उत्तर तपासा. ‘आज ब्लांकाचा हेवी रोल प्रत्येक वेळी पनिश करणार’ एवढंच. हरलात तरी तो पनिश बसला की नाही ते लिहा. तिन्ही उत्तरं एकदम आठवायला गेलात की हात अडखळतो आणि रोजचा खेळही बिघडतो.

९. नंतर येणाऱ्या अडचणी

समोरचा मॉडर्न कंट्रोलवर असेल तर तेच पात्र वेगळं वागतं. एका बटणावर स्पेशल येतो, त्यामुळे त्याच्यावर उडी मारणं किंवा लांबून बेफिकीर फायरबॉल टाकणं जास्त धोक्याचं होतं. बदल्यात एका बटणाने काढलेल्या स्पेशलचं नुकसान ८० टक्केच असतं आणि त्याच्याकडे नॉर्मल कमी असतात. नावाशेजारचं चिन्ह बघायची सवय लावा आणि नोंदीत ‘मॉडर्न’ अशी वेगळी ओळ ठेवा.

६-४, ७-३ असे मॅचअपचे आकडे सगळीकडे फिरत असतात. दहातले किती सामने कोण जिंकेल याचा तो अंदाज, तोही दोघांना सगळी उत्तरं येतात असं धरून केलेला. तुम्हाला आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याला ती येत नाहीत, तेव्हा त्या आकड्यावरून पात्र सोडू नका. बकलर्स बूट कॅम्पवर प्रत्यक्ष सामन्यांवरून काढलेले मॅचअपचे तक्तेही असतात. बघायचेच असतील तर तुमच्या रँकजवळचे बघा.

शेवटचं, पॅचचं, म्हणजे गेमच्या अपडेटचं. मे २०२४ मध्ये अकुमा आणि जून २०२५ मध्ये एलेना या नव्या पात्रांबरोबर बहुतेक सगळ्या पात्रांचे मूव्ह बदलले. एका फ्रेमच्या फरकानेही पनिश नाहीसा होतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख टाका. नवा पॅच आला की रेकॉर्ड केलेले स्लॉट एकदा चालवून बघा आणि जिथे ‘पनिश काउंटर’ येईनासं झालं असेल ती ओळ खोडून टाका.